पार्श्वभूमी : पेंटोथॉलची नव्वद वर्षं

पेंटोथॉल हे नाव आपल्याकडे बहुतेकांना कळलं ते शस्त्रक्रियेमुळे नव्हे, नार्को चाचणीमुळे. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीच्या चाचणीची चित्रफीत वाहिन्यांनी दाखवली आणि ‘सत्य वदवणारं इंजेक्शन’ घरोघरी पोचलं. खरं तर गुंगीतला माणूस सैल बोलतो एवढंच. त्यात खरं किती, रचलेलं किती, हे औषधाला कळत नाही. संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात स्पष्ट केलं.

औषधाचं मूळ काम भूल देण्याचं. बार्बिट्युरिक आम्ल अडॉल्फ फॉन बायर यांनी १८६४ सालीच तयार केलं होतं. त्याने झोप येत नसे. त्यापासून पहिली झोपेची गोळी, व्हेरोनल, निघाली ती १९०३ मध्ये. पुढे अमेरिकेतल्या अ‍ॅबट कंपनीत अर्नेस्ट व्हॉलवायलर आणि डोनाली टॅबर्न यांनी अशाच एका रेणूत ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवला आणि थायोपेंटाल, म्हणजेच पेंटोथॉल, हाती आलं. ८ मार्च १९३४ रोजी अमेरिकेतल्याच मॅडिसन शहरात भूलतज्ज्ञ राल्फ वॉटर्स यांनी ते माणसावर प्रथम वापरलं. त्याच वर्षी मेयो क्लिनिक या तिथल्या रुग्णालयात जॉन लंडींनी त्याचा पद्धतशीर वापर सुरू केला.

तोवर भूल म्हणजे तोंडावर मास्क, ईथरचा उग्र वास आणि रुग्णाची धडपड. आता हाताच्या शिरेत सुई गेली, तोंडात लसणासारखी चव आली की अर्ध्या-एक मिनिटात माणूस गाढ झोपलेला. आणि पाच-दहा मिनिटांत जागाही! घोटाळा झाला तो इथेच. रुग्ण जागा होतो तो औषध संपल्यामुळे नाही, तर ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि इतर ऊतींत पसरल्यामुळे. शरीरातून ते पुरतं जायला कित्येक तास लागतात. म्हणून पुन्हा पुन्हा मात्रा दिली, की ती साठत जाते आणि मग रुग्ण लवकर उठत नाही. हे गणित नीट उलगडायला १९५० उजाडावं लागलं.

त्याआधी पर्ल हार्बर घडलं, म्हणजे जपानने अमेरिकेच्या त्या नौदलतळावर हल्ला केला. ७ डिसेंबर १९४१च्या हल्ल्यातल्या जखमींना हे औषध दिलं गेलं. १९४३ मध्ये एका शल्यचिकित्सकाने युद्धातल्या शस्त्रक्रियांसाठी ते धोक्याचं असल्याचं जळजळीत भाषेत लिहिलं, आणि ‘बॉम्बपेक्षा पेंटोथॉलने जास्त माणसं मारली’ ही दंतकथा रूढ झाली. पुढे जुनी कागदपत्रं खुली झाल्यावर दिसलं, की तिथल्या ट्रिपलर लष्करी रुग्णालयात दाखल झालेल्या ३४४ जखमींपैकी १३ दगावले, आणि त्यातलेही फार तर थोडे या औषधामुळे गेले असावेत. दंतकथा खोटी, पण तिच्यातला इशारा खरा. रक्तस्राव झालेल्या माणसाचा रक्तदाब शिरा आवळून कसाबसा टिकलेला असतो. हे औषध त्या शिरा सैल करतं, हृदयाचा जोर कमी करतं आणि श्वासही दाबतं. धडधाकट माणसाची मात्रा, किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम, अशा जखमीला झेपत नाही.

बाकीचे धोके भूलतज्ज्ञ विद्यार्थिदशेतच घोकतात. कुपीतली पिवळसर पूड पाण्यात कालवली, की तीव्र अल्कधर्मी द्रावण होतं. ते शिरेऐवजी चुकून धमनीत गेलं, तर बोटं काळी पडण्यापर्यंत मजल जाते. म्हणून ५ टक्क्यांऐवजी अडीच टक्क्यांचं द्रावण रूढ झालं. पॉर्फिरिया हा रक्तातलं रंगद्रव्य बनण्यातला आनुवंशिक दोष असलेल्यांना ते द्यायचंच नाही.

१९८०च्या दशकाअखेरीस प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचं नवं भुलीचं औषध आलं. त्यातून रुग्ण अधिक ताजातवाना उठतो, मळमळही कमी होते. पेंटोथॉल हळूहळू मागे पडलं. त्यात १९८२ पासून अमेरिकेत मृत्युदंडासाठी त्याचा वापर सुरू झाला होता. होस्पिरा कंपनीने जानेवारी २०११ मध्ये उत्पादन थांबवलं, तेव्हा तिथल्या नेब्रास्का राज्याच्या तुरुंगखात्याने थेट मुंबईतल्या एका कंपनीकडून साठा मागवला. गाजावाजा झाल्यावर त्या कंपनीने अशा कामासाठी विक्री बंद केली.

भारतात औषध आजही बनतं. मेंदूवरचा दाब उतरवायला, कशालाच न जुमानणारे फेफऱ्याचे झटके थांबवायला आणि काही ठिकाणी सिझेरियनच्या वेळी भूलतज्ज्ञ ते अजून काढतात. मात्र ऑक्सिजन, श्वासनलिकेत घालायची नळी आणि कृत्रिम श्वासाची सोय हाताशी ठेवूनच.