मार्बल कटर की सर्क्युलर सॉ: वाड्याच्या जुन्या फळ्या उचलायला नक्की कुठलं मशीन

जुन्या नाशकात तिवंध्याच्या बाजूला आमचा वाडा आहे, वरच्या मजल्याला सगळी सागवानी फळ्यांची जमीन, आणि मागच्या उन्हाळ्यात दोन खोल्यांच्या फळ्या उचलायची वेळ आली कारण भिंतीत शिरलेलं एका कडीचं, म्हणजे फळ्यांखालच्या लाकडी तुळईचं, टोक कुजलं होतं. मिस्त्री आले ते मार्बल कटर घेऊन, त्याला लाकडाचं चार इंची ब्लेड लावलेलं. मी विचारलं, सर्क्युलर सॉ नाही आणली का, तर म्हणाले, "भाऊ, एकच आहे ते, गोल पातंच ना दोघांना." नंतर दोन दुकानांत फिरलो तर तिथेही हेच ऐकायला मिळालं. पण एकच नाहीये ते, आणि फळ्यांच्या कामात हा फरक हातापायाशी आणि घराशी येऊन भिडतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी दोन्ही मशीन समोर ठेवून बघू. मार्बल कटर म्हणजे 110 मिमीचं पातं, साधारण 12,000 ते 13,000 आरपीएम (मिनिटाला फेरे), कापायची खोली 30-34 मिमीच्या आसपास, आणि मुळात बनवलंय ते दात नसलेल्या डायमंड पात्यासाठी, म्हणजे फरशी, ग्रॅनाइट, टाइल यांच्यासाठी. सर्क्युलर सॉ म्हणजे बहुतेक वेळा सात इंची, 185 मिमीचं दातांचं पातं, 5,000 ते 6,000 आरपीएम, खोली 65 मिमीच्या आसपास. लोक वॅट बघतात, खोली बघतात आणि म्हणतात की आपली फळी तर इंचभरच जाड आहे मग कटरची 34 मिमी खोली पुरते की. पुरतेच, त्यात वाद नाही. खोली कमी पडते म्हणून कटर नको असं मी म्हणतच नाहीये.

खरा फरक गार्डचा आहे. सर्क्युलर सॉला पात्याच्या खालच्या बाजूला स्प्रिंगचं गार्ड असतं, कापताना ते आपोआप मागे सरकतं आणि मशीन लाकडावरून उचललं की फटकन पात्यावर परत येतं. कटरला वरचं अर्धं झाकण तेवढं असतं, मशीन ज्या पत्र्यावर टेकतं त्या बेसप्लेटच्या खाली पातं उघडंच. फळ्या काढताना तुम्ही गुडघ्यावर बसलेले असता, एक हात मशीनवर, मशीन तुमच्या मांडीपासून वीतभर अंतरावर, आणि शंभरदा ते उचलून खाली ठेवायचं असतं. पातं थांबायच्या आत कटर जमिनीवर ठेवला तर तो तसाच मागे, तुमच्याच दिशेने धावतो. त्यात बऱ्याच कटरला बटण दाबून लॉक करता येतं, म्हणजे बोट सोडलं तरी मशीन चालूच राहतं, आणि बऱ्याच सर्क्युलर सॉला उलट असतं, आधी सेफ्टी बटण दाबल्याशिवाय ट्रिगर चालत नाही आणि बोट काढलं की बंद.

वेगाचंही बघा. 110 चं पातं 12,000 ने फिरलं तर दातांचा वेग सेकंदाला जवळपास 69 मीटर होतो, 185 चं पातं 5,500 ने फिरलं तर 53 च्या आसपास. म्हणजे पातं लहान दिसतं म्हणून ते गरीब आहे असं समजू नका. डायमंड पात्याला दात नसतात, ते घासत जातं, पण दाताचं पातं लाकडात अडकलं की सगळा जोर मशीनला मागे, म्हणजे तुमच्याकडे फेकण्यात जातो. जुन्या फळ्या कापल्या की त्यांचा ताण सुटतो, फट मिटते आणि पात्याची मागची बाजू चिमटीत सापडते, हे हमखास होतं. म्हणून कुठलंही मशीन असो, आपण कापाच्या रेषेत बसायचंच नाही, बाजूला बसायचं, आणि कापलेल्या भागात मागून एक छोटी पाचर सरकवत जायचं.

आता आपल्या वाड्यांची गोष्ट, कारण परदेशातले व्हिडिओ बघून इथे काम करता येत नाही. तिकडे बऱ्याचदा फळीखाली पोकळी असते आणि त्याखाली वेगळं सिलिंग असतं. आपल्या कडीपाटात वरची फळी हेच खालच्यांचं छत. पातं दोन सूत जास्त खाली गेलं की थेट खालच्या खोलीत टोक निघतं, आणि तिथे कडीवर फॅनचा हूक आणि त्याची वायर असते. त्यामुळे कापाच्या खोलीचं सेटिंग हा इथे जीव की प्राण. आमच्याकडे आलेल्या कटरची बेसप्लेट पातळ पत्र्याची होती, विंग नटवर आवळलेली, आणि दोन-तीन फळ्या झाल्या की कंपनाने सरकायची, 24 ला लावलेली खोली कधी 28 झाली ते कळायचंच नाही. चांगल्या सर्क्युलर सॉची प्लेट जाड असते आणि खोलीचा लिव्हर घट्ट बसतो. तरी आम्ही काय केलं, भिंतीकडच्या एका फटीतून फळीची जाडी मोजली, 25 मिमी भरली, मशीन 23 वर ठेवलं आणि उरलेले दोन मिमी पटाशीने तोडले. वेळ जातो पण खालच्या काकूंच्या छताला ओरखडा नाही. आणि हो, मेन स्विच बंद, मशीनला वीज शेजारच्या घरातून वायर ओढून, आणि खालच्यांना आधी सांगून त्यांचं सामान झाकून मगच सुरुवात.

काही वाड्यांत फळ्यांवर माती-चुना घालून वर शहाबादी केलेली असते, तिथे आधी सगळी माती खरवडून, झाडून काढल्याशिवाय लाकडाचं पातं लावूच नका, एका कापात दात जातात.

पात्याबद्दल. जुना सागवान स्वतःच पात्याची धार खातो कारण त्यात सिलिका असते, त्यात वर लोखंडी खिळे, काही तर हाताने घडवलेले चौकोनी, डोकं लाकडात बुडालेलं, दिसतच नाही. आधी चुंबक फिरवून खिळे शोधा आणि खडूने खुणा करा. याचा दुहेरी फायदा, कारण खिळ्यांची रांग जिथे तिथेच खाली कडी असते. फिनिशिंगचं 40-60 दातांचं पातं या कामाला आणू नका, 18 ते 24 दातांचं, खिळे सहन करणारं डिमॉलिशनचं पातं मागा. 110 मध्ये मला इथे 30 आणि 40 दातांचीच मिळाली, प्लायला छान, खिळ्याला दात उडतो, आणि उडालेला दात उघड्या पात्यावरून कुठे जाईल याचा भरवसा नाही, चष्मा दोन्हीकडे हवाच. पात्यावर छापलेला जास्तीत जास्त आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त आहे ना तेही दुकानातच वाचा.

आता कटरची बाजू पण सांगायला हवी, कारण एका ठिकाणी लहान पातं खरंच सरस ठरतं आणि ते मला स्वतः गणित मांडल्यावरच पटलं. गोल पातं फळीत उतरवलं की वरचा काप लांब आणि तळाचा आखूड असतो. 185 चं पातं 25 मिमी खोल गेलं की वरचा काप कमीत कमी 126 मिमी होतो, 110 चं गेलं तर 92. फळी सहा इंची, म्हणजे 150 मिमी रुंद असेल आणि शेजारच्या फळ्यांना न लागता तेवढीच आडवी कापायची असेल तर मोठ्या पात्याने तळाशी जेमतेम 24 मिमी आरपार होतं, लहान पात्याने 58. बाकीचं दोन्हीकडे पटाशीनेच किंवा मल्टी-टूलने, म्हणजे थरथरणाऱ्या छोट्या पात्याच्या मशीनने. म्हणजे एकच फळी मधून कापायची असेल तर मोठी सॉ अवघडच, तिथे मी सरळ मल्टी-टूल वापरीन, भिंतीलगतसुद्धा तेच, कारण सॉची प्लेट भिंतीला अडते.

मग सर्क्युलर सॉचं काम काय, तर लांबीचं. आमच्या फळ्या एकीची जीभ दुसरीच्या खाचेत अशा होत्या. सांध्यावरून लाकडी पट्टी ठोकून तिच्या आधाराने सॉ चालवली, फक्त जीभ कापली जाईल इतकीच खोली ठेवून, आणि पहिली फळी सुटली. एक सुटली की बाकीच्या कापाव्याच लागत नाहीत, खालून पातळ पाचर आणि पहार, कडीजवळून थोडं थोडं उचलत न्यायचं, एकाच टोकाला जोर लावला तर फळी चिरते. हे सगळं उन्हाळ्यातच करा, श्रावणात फळ्या फुगून सांधे इतके गच्च होतात की जीभ कापूनही फळी हलत नाही. सॉचे दात खालून वर येतात त्यामुळे वरच्या तोंडाला कपचे निघतात, फळी परत बसवायची असेल तर रेषेवर मास्किंग टेप लावून आधी चाकूने चीर पाडा. आणि जुना तैलरंग असेल तर मास्क साधा नको, घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून आली, त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं.

प्लंज सॉ, जी रुळावर चालते आणि सरळ खाली दाबता येते, ती या कामाला सगळ्यात सुबक, पण दोन खोल्यांसाठी तेवढा खर्च मला पटला नाही. त्यापेक्षा साडेचार इंची छोटी सर्क्युलर सॉ मिळाली तर बघा, पातं कटरएवढं पण गार्ड आणि खोलीचा लॉक खऱ्या सॉसारखा. फक्त नीट बघून घ्या, कारण लाकडाचं ब्लेड लावलेला मार्बल कटरच "मिनी सर्क्युलर सॉ" म्हणून माझ्यासमोर ठेवला होता.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशकात टूल्सच्या दुकानांना तोटा नाही, तेव्हा एकाच दुकानात घाई करू नका. मशीन हातात घ्या, प्लग काढलेला असताना खालचं गार्ड बोटाने मागे ओढून सोडा, ते आपोआप परत यायला पाहिजे. खोलीचा लिव्हर आवळून प्लेट दोन्ही हातांनी हलवून बघा, हलली तर ठेवून द्या. आमच्या मिस्त्रींनी सॉ चालवून बघितल्यावर पहिल्या दिवशी कुरकुर केली, जड आहे म्हणाले, तिसऱ्या दिवशी त्यांनी कटर पिशवीतून काढलाच नाही. सगळ्या फळ्या मागच्या बाजूला खडूने नंबर टाकून काढल्या होत्या, नवी कडी बसल्यावर त्याच क्रमाने परत बसल्या, सतरापैकी दोन तेवढ्या बदलाव्या लागल्या.