एम.ए. आपल्या सवडीनं, पण मुदत विद्यापीठाची: दूरशिक्षणातली वर्षं, री-रजिस्ट्रेशन आणि प्रवेश रद्द करण्याचे नियम

साखर कारखान्यात स्लिप बॉय म्हणून, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या सांभाळायचं, काम करणारा एक जण परीक्षेचा फॉर्म घेऊन आला होता. इग्नूमधून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून) एम.ए., प्रवेश जुलै २०२१चा. ते पुराचं वर्ष. पहिल्या वर्षाचे पेपर त्यानं कसेबसे काढले. पुढे गळीत हंगाम, वडिलांचं आजारपण, बहिणीचं लग्न यात दोन वर्षं गेली. आता वेबसाइट फॉर्मच घेईना. त्यानं विचारलं, "मधली दोन वर्षं मी शिकतच नव्हतो, ती कशाला मोजायची?"

मोजतात. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या वाचनालयात मी रविवारी सकाळी फॉर्म भरून द्यायला बसतो. तिथं येणाऱ्या अडलेल्या अर्जांचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. 'सवडीनं शिका' या शब्दांतून लोक असा अर्थ काढतात की आपण थांबलो की घड्याळही थांबतं. सवड फक्त अभ्यासाला आहे. फॉर्म, फी आणि मुदत प्रवेशाच्या दिवसापासून चालू होतात आणि तुमची वाट बघत नाहीत.

मुदत कशी मोजायची

दूरशिक्षणाच्या २०२०च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे पदवी पूर्ण करायला किमान कालावधीच्या दुप्पट वेळ मिळतो. दोन वर्षांचं एम.ए. किंवा एम.कॉम. असेल तर चार वर्षं. ही चार वर्षं पहिल्या परीक्षेपासून किंवा पुस्तकं हातात पडल्यापासून धरायची नसतात. ज्या सत्राला प्रवेश घेतला तिथून धरायची. इग्नूत जुलै २०२१चा प्रवेश असेल तर शेवटची परीक्षा जून २०२५ची. मधे एक वर्ष री-रजिस्ट्रेशन, म्हणजे पुढच्या वर्षासाठीची नोंदणी, केलं नाही, तर ते वर्ष या चारांतूनच गेलं. दूरशिक्षणात 'रजा' म्हणून काही प्रकार नाही. बाळंतपण, बदली, पूर यापैकी कुठलंही कारण लिहून दिलं तरी मुदत आपोआप वाढत नाही. विद्यापीठानं सगळ्यांसाठी परिपत्रक काढलं तर गोष्ट वेगळी.

म्हणून पहिलं काम सांगतो. ओळखपत्राच्या मागं आजच पेनानं लिहून ठेवा, 'शेवटची परीक्षा अमुक महिना, अमुक साल'. मी हे सांगितलं की लोक हसतात. तिसऱ्या वर्षी हसत नाहीत.

मुदत संपली तरी सगळं बुडालं असं नाही. इग्नूत री-अ‍ॅडमिशनची सोय आहे. जेवढे विषय राहिलेत तेवढ्यांचीच प्रमाणात फी भरायची, आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आणखी दोन वर्षं मिळतात. पास झालेले विषय टिकतात. पण हे आपोआप होत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. मुदत संपलेल्या नोंदणी नंबरावर परीक्षेचा फॉर्म पुन्हा पुन्हा भरत राहणं हा त्यावरचा उपाय नव्हे. काहींनी तीन-तीनदा फी भरून बघितलीय.

री-रजिस्ट्रेशन म्हणजे पास झाल्यावरची पायरी नव्हे

इथं सगळ्यात जास्त वर्षं वाया जातात. कॉलेजची सवय असते, पहिलं वर्ष पास झालं की दुसऱ्याला प्रवेश. इग्नूच्या वार्षिक पद्धतीच्या अभ्यासक्रमात तसं नाही. पहिल्या वर्षाचा एकही पेपर दिला नसेल तरी दुसऱ्या वर्षाचं री-रजिस्ट्रेशन करता येतं, आणि मुदतीत करायचंच असतं. 'निकाल लागू दे, मग बघू' म्हणणारा निकाल लागेपर्यंत ती खिडकी घालवून बसतो आणि सरळ एक वर्ष मागं पडतो.

दुसरी गफलत याच्या उलट दिशेची. जुलैत प्रवेश घेतला की लगेच डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायला येतात. वार्षिक अभ्यासक्रम असेल तर जुलैच्या प्रवेशाची पहिली परीक्षा पुढच्या जूनमध्ये. डिसेंबर मागं राहिलेल्यांसाठी. एम.बी.ए., एम.सी.ए. यांसारख्या सत्र पद्धतीच्या अभ्यासक्रमांचा हिशेब वेगळा. आपला अभ्यासक्रम वार्षिक की सत्राचा, हे प्रॉस्पेक्टसच्या पहिल्या काही पानांतच लिहिलेलं असतं. ती पानं कुणी वाचत नाही, कारण प्रॉस्पेक्टस महा-ई-सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवरच राहतं.

शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांचे फॉर्म, तारखा आणि परीक्षापद्धती आपापल्या आहेत. मैत्रिणीचं इग्नूचं वेळापत्रक बघून मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरू नका. इग्नूसाठी कोल्हापूर जिल्हा पुणे विभागीय केंद्राकडे येतो, तेव्हा पत्रव्यवहार तिकडे.

प्रगती कशावर ठरते

इग्नूत असाइनमेंटला ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के भार असतो. पदव्युत्तर पातळीवर दोन्हींत वेगवेगळे किमान ४० टक्के लागतात. पेपरात ७५ पडले आणि असाइनमेंट दिलीच नाही, तर ग्रेडकार्डवर तो विषय अपूर्णच दिसत राहतो. 'पण मी पास आहे ना?' हा प्रश्न मला दर रविवारी एकदा तरी ऐकावा लागतो.

असाइनमेंटचे प्रश्न दर वर्षी बदलतात. गेल्या वर्षी लिहून ठेवलेली वही या वर्षी चालत नाही. ज्या सत्रात द्यायची त्या सत्राची प्रश्नपत्रिका उतरवून घ्यावी लागते. झेरॉक्सच्या दुकानात तयार उत्तरं मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांत जुन्या वर्षाचे प्रश्न निघाले की परत येतात, आणि तेव्हा दुकानदार ओळख दाखवत नाही.

असाइनमेंट जमा केल्याची पोच जपा. कागदावर दिली असेल तर शिक्क्याची पावती, ऑनलाइन दिली असेल तर स्क्रीनशॉट आणि ई-मेल. गुण चढवायचे राहून जातात, आणि मग "तुम्ही दिलीच नाही" असं उत्तर येतं. पोच असेल तर दोन हेलपाट्यांत काम होतं, नसेल तर पुन्हा लिहा. एका अभ्यासकेंद्रात गठ्ठाच कपाटाखाली गेला होता. ज्यांच्याकडं पावती होती त्यांचंच नाव त्या गठ्ठ्यात शोधलं गेलं.

तो कागद, जो कुणाकडंच नसतो

पात्रता सोपी आहे. मान्य विद्यापीठाची पदवी हवी, काही विषयांना टक्क्यांची किंवा मूळ विषयाची अट. अडतं ते कागदांवर.

२०२४च्या प्रवेशांपासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) सक्तीचा झाला. तो काढायला आधी एबीसी आयडी लागतो (एबीसी म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, विद्यार्थ्याची क्रेडिट्स जमा ठेवणारं ऑनलाइन खातं), आणि एबीसी आयडी डिजीलॉकर या सरकारी अ‍ॅपमधून आधारवर निघतो. म्हणजे आधारवरचं नाव हे सगळ्याचं मूळ. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. शिवाय एकीकडं 'सुनीता' आणि दुसरीकडं 'सुनिता'. लग्न झालेल्या बाईचं आधार नवऱ्याच्या नावावर आणि पदवी वडिलांच्या. माणसाला यात गोंधळ दिसत नाही, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणी दाखला आणि जिथं मागतील तिथं राजपत्रातली नावबदलाची नोंद, हे प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात काढायचे कागद नव्हेत. प्रवेश निघायच्या दोन महिने आधी हात घाला. आणि आधार बदलायचा की पदवीवरचं नाव धरायचं, हे एकदाच ठरवा. निम्मे कागद एका नावावर, निम्मे दुसऱ्यावर असं झालं की पुढं पदवी प्रमाणपत्रापर्यंत तेच दळण.

दुसरा कागद मायग्रेशन प्रमाणपत्र, म्हणजे आधीचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याकडं तो मागितला जाऊ शकतो, आणि कोल्हापुरात सीमाभागातून येणारे पुष्कळ. निपाणी, चिक्कोडी, बेळगाव भागातली पदवी राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली होण्याआधीची असेल तर ती धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची असते, आणि प्रमाणपत्रही तिकडूनच आणावं लागतं. लोक बेळगावात चौकशी करून दिवस घालवतात. सोलापूरकरांची गंमत याच्या उलट. २००४ साली सोलापूर विद्यापीठ वेगळं झालं, त्याआधीची पदवी शिवाजी विद्यापीठाचीच. त्यांनी इथं दूरशिक्षणाला प्रवेश घेताना स्वतःच्याच विद्यापीठाचं मायग्रेशन शोधत बसू नये. मार्कशीटच्या डोक्यावर कुठल्या विद्यापीठाचं नाव आहे ते आधी वाचा.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना आणि सरकारी कर्मचाऱ्यांना एक वेगळं सांगणं. शिकायला सुरुवात करण्याआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. पदवी हातात आल्यावर सेवापुस्तकात नोंद करताना पहिल्यांदा तोच कागद विचारतात, आणि मागच्या तारखेची परवानगी कुणी देत नाही.

सोडायचं असेल तर

गप्प बसणं म्हणजे प्रवेश रद्द करणं नव्हे. फी भरली नाही की नाव आपोआप निघालं, असा समज करून घेतला तर पैसे तर परत मिळतच नाहीत, वर मुदतही तशीच पळत राहते. रद्द करायचं तर अर्ज करावा लागतो. कुठं ऑनलाइन, कुठं लेखी.

पैशांसाठी तारीख महत्त्वाची. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८च्या परताव्याच्या धोरणात टप्पे आहेत, आणि दूरशिक्षणालाही परताव्याची हीच धोरणं लागू धरली आहेत. प्रवेशाची जाहीर शेवटची तारीख १५ सप्टेंबर धरा. ३१ ऑगस्टपर्यंत अर्ज दिला तर पूर्ण फी, त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून ५ टक्क्यांपर्यंत, पण ५,००० रुपयांच्या वर नाही. त्यानंतर १५ सप्टेंबरपर्यंत ९० टक्के, ३० सप्टेंबरपर्यंत ८० टक्के, १५ ऑक्टोबरपर्यंत ५० टक्के, पुढं काही नाही. काही वर्षी यूजीसीनं याहून सैल तारखा दिल्यात, आणि विद्यापीठाचं स्वतःचं कोष्टकही प्रॉस्पेक्टसमध्ये असतं, ते बघा. मोजायचं ते जाहीर शेवटच्या तारखेपासून, तुम्ही फी भरली त्या दिवसापासून नव्हे. मुदतवाढ मिळाली तर नव्या तारखेपासून. मुदतवाढीच्या सूचनेची एक प्रत ठेवा, वेबसाइटवरनं ती नंतर नाहीशी होते.

आणि फी कुणाच्या खात्यातून गेली? महा-ई-सेवा केंद्रवाल्याच्या कार्डावरनं गेली असेल, तर परतावा त्याच्याच खात्यात जाऊ शकतो. फॉर्ममध्ये मोबाईल आणि ई-मेलही त्याचाच असेल तर ओटीपीसाठी त्याला शोधत फिरायचं. तो दुकान हलवतो, सिम बदलतो. फॉर्म कुणाकडूनही भरून घ्या, पण नंबर, ई-मेल आणि खातं तुमचंच द्या. एवढं एक केलं तरी माझे निम्मे रविवार मोकळे होतील.

मूळ कागद अडकवून ठेवायचा अधिकार संस्थेला नाही, हेही त्याच २०१८च्या सूचनेत आहे. मूळ मार्कशीट ठेवून घेऊन 'आधी राहिलेली फी भरा' म्हणत असतील तर लेखी उत्तर मागा. लेखी म्हटलं की बऱ्याचदा आवाज खाली येतो. नाहीच आला, तर २०२३च्या यूजीसी नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल.

बी.एड.ला किंवा दुसऱ्या नियमित कोर्सला नंबर लागला म्हणून एम.ए. रद्द करायला येणाऱ्यांना मी आधी थांबवतो. एप्रिल २०२२पासून एक नियमित आणि एक दूरशिक्षणाचा असे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला यूजीसीची मुभा आहे. ज्या कॉलेजात जाताय तिथं आणि त्या अभ्यासक्रमाच्या नियामक संस्थेच्या नियमांत हरकत नाही ना, एवढं लेखी विचारून घ्या. उगाच रद्द केलेला प्रवेश परत जिवंत होत नाही.

सोडलंच, तरी पास झालेल्या विषयांची क्रेडिट्स (विषयाला ठरवून दिलेले श्रेयांक) एबीसीत सात वर्षांपर्यंत टिकतात. पण ती विद्यापीठानं चढवलेली असली तरच. डिजीलॉकर उघडून स्वतः बघा. दिसत नसतील तर प्रवेश रद्द करण्याआधी चढवून घ्या, नंतर तुमच्या अर्जाला कुणी वाली नसतो.

त्या स्लिप बॉयचे चार पेपर राहिले होते. त्यानं री-अ‍ॅडमिशनचा अर्ज केला, चार विषयांची फी स्वतःच्या खात्यातून भरली, या वर्षीच्या असाइनमेंट उतरवून घेतल्या. डिसेंबरला हंगाम ऐन भरात असतो, म्हणून परीक्षा जूनची धरलीय. नवी शेवटची तारीख त्यानं ओळखपत्राच्या मागं लिहिली, आणि वर मोबाईलच्या कव्हरवरही.