कप्तानाचं वय आणि मेंढीचं वजन

‘एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. तर कप्तानाचे वय किती?’

चीनच्या सिच्वान प्रांतात, नानचोंग शहरात, पाचवीच्या पेपरात हा प्रश्न आला आणि जानेवारी २०१८मध्ये त्याचा फोटो जगभर फिरला. छपाईत काहीतरी गाळलं गेलं असणार, असं बऱ्याच जणांना वाटलं. शिक्षण विभागाने मात्र प्रश्न मुद्दाम घातल्याचं सांगितलं. मुलं स्वतःच्या डोक्याने विचार करतात का, हे बघायचं होतं.

प्रश्न मुळात चिनी नाही, फ्रेंच आहे. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरने १८४०च्या दशकात गणित शिकणाऱ्या आपल्या बहिणीला चिडवायला असंच एक उदाहरण लिहून पाठवलं होतं: जहाज बोस्टनहून निघालंय, २०० टनांचं आहे, १२ प्रवासी आहेत, वारा अमुक दिशेचा, वेळ सव्वातीनची, कप्तानाचं वय काय? पुढे १९८०च्या आसपास फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या गणित-शिक्षण संस्थेने हाच २६ मेंढ्या आणि १० शेळ्यांचा प्रश्न सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांना दिला. त्यातल्या ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी आकडेमोड करून वय काढलं.

मुलं ढ आहेत असा याचा अर्थ लावायची घाई नको. स्वित्झर्लंडचे शिक्षण-अभ्यासक कुर्ट रॉइसर यांनी मेंढपाळाच्या अशाच एका उदाहरणावर मुलांचा विचार कसा चालतो ते नोंदवलं आहे. १२५ मेंढ्या, ५ कुत्री, मेंढपाळाचं वय? १२५ + ५ = १३०, फार झालं. १२५ − ५ = १२०, तरी फार. १२५ ÷ ५ = २५, हे जमतंय! म्हणजे वय माणसाला शोभेलसं हवं, एवढं भान मुलाला आहे. फक्त उदाहरण सोडवण्याजोगं आहे की नाही, ही शंका घेणं आपलं काम आहे असं त्याला वाटत नाही. पुस्तकातल्या प्रत्येक उदाहरणाला एक उत्तर असतं, दिलेले सगळे आकडे वापरायचे असतात आणि चिन्ह या आठवड्यात शिकवलेल्या धड्याचं असतं. वर्गातल्या या न बोललेल्या समजुतीला गी ब्रूसो या फ्रेंच अभ्यासकाने ‘अध्यापन-करार’ म्हटलं.

आता खरी गंमत. मेंढ्या म, शेळ्या श आणि कप्तानाचं वय क मानू. दिलेली समीकरणं दोनच: म = २६, श = १०. सहगुणकांचा मॅट्रिक्स, म्हणजे प्रत्येक समीकरणात म, श, क किती पट आहेत त्या आकड्यांचा तक्ता, मांडला तर ओळी येतात (१, ०, ०) आणि (०, १, ०). तिसरा स्तंभ, म्हणजे क चा, सगळा शून्यांचा. चल (म्हणजे अक्षरांनी मांडलेल्या राशी) तीन, स्वतंत्र समीकरणं दोन, म्हणून एक चल मोकळा राहतो आणि तो नेमका क. फ्लोबेरची करामत इथे कळते. वारा, टन, प्रवासी असं काहीही वाढवा; ओळी वाढतील, त्यांचे स्वतःचे स्तंभही वाढतील, पण क च्या स्तंभातली शून्यं हलणार नाहीत. ‘३६’ लिहिणारं मूल नकळत तिसरी ओळ घालतं: क − म − श = ०. ही ओळ प्रश्नात कुठेच नाही.

म्हणूनच नेटवरचं एक उत्तर मला गणिताच्या दृष्टीने प्रामाणिक वाटतं: कप्तान ३६ वर्षांचा, कारण स्वतःवर फार प्रेम असल्यामुळे त्याने वयाइतकीच जनावरं घेतली. नसलेली ओळ त्याने उघडपणे घातली. (अंकशास्त्राने नावाच्या अक्षरांची आणि जन्मतारखेची बेरीज करून भविष्य सांगणारे अशीच ओळ गुपचूप घालतात, वर दक्षिणाही घेतात.)

सगळ्यात गाजलेलं उत्तर वेगळं होतं. उत्तर देणाऱ्याचं म्हणणं असं: सरासरी वजन धरलं तर ही जनावरं ७,७०० किलो भरतात. चीनमध्ये ५,००० किलोंवर माल न्यायला जहाज चालवायचा पाच वर्षं जुना परवाना लागतो. परवाना २३व्या वर्षी मिळतो. म्हणून कप्तान किमान २८ वर्षांचा. युक्ती झकास आहे. नेमकं वय सापडत नाही, पण ‘क ≥ २८’ अशी असमानता मिळते. उत्तर एक बिंदू नसून संख्यारेषेचा तुकडा आहे, हे शाळेत फार उशिरा कळतं.

पण लोकांनी टाळ्या वाजवताना एक भागाकार केला नाही. ७,७०० ÷ ३६ म्हणजे जनावरामागे जवळपास २१४ किलो! आपली दख्खनी मेंढी तीसएक किलोची. सफोकसारख्या दांडग्या जातीचा मेंढासुद्धा दीडशेच्या आसपास थांबतो. ५,००० किलोंची हद्द गाठायलाच प्रत्येकी १३९ किलो हवेत. ६० किलो धरले तर सगळा माल २,१६० किलो. मग पाच वर्षांची अट गळते आणि त्या उत्तरातले नियम खरे धरले तरी उरतं फक्त ‘क ≥ २३’.

असे प्रश्न पेपरात घालायचे तर दहा उदाहरणांत एखादंच घालावं, तेही साध्या उदाहरणांच्या मध्ये, आणि ‘माहिती अपुरी’ हा पर्याय सगळ्याच उदाहरणांखाली छापावा. फक्त तिथेच छापला की मुलं पर्याय बघून ओळखतात. शेवटी ‘डोकं चालवा’ म्हणून वेगळा गट केला, तर मुलं आठवडाभरात नवा करार शिकतात: या गटात आकडेमोड करायचीच नाही.

गुण देताना मात्र तपासणाऱ्याची परीक्षा होते. अमेरिकेत १९८३च्या राष्ट्रीय चाचणीत विचारलं होतं: १,१२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, तर बस किती? सुमारे ७० टक्के मुलांचा भागाकार बरोबर आला; ३२ हे उत्तर मात्र २३ टक्क्यांनीच लिहिलं. २९ टक्क्यांनी लिहिलं ‘३१ बाकी १२’. एखाद्याने ‘३१ बस आणि एक वडाप जीप’ लिहिलं तर? प्रश्न बसचा आहे, तेव्हा उत्तर ३२च. पण त्या बारा जणांना रस्त्यावर सोडायचं नाही हे त्याला कळलंय, तेव्हा ‘बाकी १२’वाल्यापेक्षा त्याला जास्त गुण द्यावेत.