दुबईला जाताना वारा किती मिनिटं खातो?

रत्नागिरी-दापोलीकडच्या पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी आखातात नोकरीला असतं. तिकीट आलं की घरातली पोरं त्यावरच्या वेळा वाचून विचारतात, जायला पावणेदोन तास आणि यायला सव्वाचार, असं कसं?

समजा, मुंबईहून विमान पहाटे 4 ला सुटून 5.45 ला दुबईत उतरतं आणि परतीचं रात्री 10 ला निघून 2.20 ला येतं. या वेळा ज्या त्या गावच्या. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. तेवढा हिशेब केला की जायला सव्वातीन तास आणि यायला दोन तास पन्नास मिनिटं. म्हणजे प्रकरण उलटंच निघालं! (सूर्य मात्र रत्नागिरीच्या माथ्यावर दुबईच्या 72 मिनिटंच आधी येतो. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर लावलेलं, त्यामुळे कोकणातली दुपार जरा उशिराचीच.)

दोन शहरांमधलं सरळ हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर. उंचावर विमान ताशी 850 च्या आसपास जातं, म्हणजे सव्वादोन तास पुरायला हवेत. बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं आणि हवाई मार्गांची वळणं यांत जातो. रत्नागिरीहून मुंबई गाठायला याहून जास्त वेळ लागतो, ते सोडा. पण ही खोटी जाता-येता साधारण सारखीच होते. फरक पाडतो तो वारा.

हिवाळ्यात उत्तर भारतावर, साधारण 12 किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो. हीच जेट स्ट्रीम. आपला मार्ग तिच्या दक्षिण कडेने जातो. विमानाचा 850 हा वेग हवेच्या तुलनेतला असतो. ती हवाच सरकत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग बदलणार. वारा ताशी 100 धरू. जाताना वेग 750, वेळ 154 मिनिटं. येताना 950, वेळ 122. बेरीज 276. वारा नसता तर 136 अधिक 136, म्हणजे 272. जाताना वाऱ्याने 18 मिनिटं घेतली आणि येताना 14च परत केली! खाडीत ओहोटीच्या उलट होडी वल्हवणाऱ्याला हे सांगायला नको: उलटा ओढा तुम्हाला जास्त वेळ सोसावा लागतो, सुलटा लवकर संपतो.

पावसाळ्यात आणखी गंमत. खाली पश्चिमेचा वारा माडांना झोडपत असतो, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात; पण विमानाच्या उंचीवर त्याच वेळी वारा पूर्वेकडून येतो. उन्हाळ्यात तिबेटचं पठार तापतं, त्याच्यावर उंच हवेत जास्त दाबाचा प्रदेश तयार होतो आणि त्याच्या दक्षिण बाजूने हे पूर्वेचे वारे वाहतात. त्यामुळे आषाढात दुबईला निघालेल्या विमानाला वारा पाठीवर मिळतो. हिवाळ्यातल्या वाऱ्याइतकी त्याची मजल मात्र नाही, कारण या पूर्वेच्या झोताचा खरा जोर आपल्या दक्षिणेला आणि 14 ते 16 किलोमीटरवर असतो. प्रवासी विमानं त्याच्या खालूनच जातात.