क्रोशेची उठावदार विणीची टोट बॅग

टोट बॅग म्हणजे वरून उघडी, दोन समांतर बंद आणि आत एकच मोठा कप्पा असलेली पिशवी. ती कापडाची न शिवता क्रोशेच्या सुईने उठावदार टाके घालून विणली की तिला क्रोशेची टेक्श्चर्ड टोट म्हणतात. उठावदार म्हणजे हात फिरवला की बोटांना जाणवेल अशी वीण, त्यात फुगीर गोळे आले, उभ्या रेघा आल्या, चौकोनी खळगे आले, एकमेकांवरून गेल्यासारखे दिसणारे आडवे-उभे पट्टे आले. आता हे सगळं बघायला सुंदर दिसतं म्हणून टेक्श्चर म्हणजे नुसती शोभा असं बरेच जण धरून चालतात, पण पिशवीच्या बाबतीत तसं नाहीये. ती किती ताणणार, रिकामी असताना किती जड लागणार, आतली किल्ली किंवा पेन बाहेर डोकावणार की नाही, हे बरंचसं विणीवरच ठरतं. त्यामुळे डिझाइन आवडलं म्हणून लगेच सुरू करण्याआधी ती वीण वजन कशी पेलते ते बघायला हवं.

क्रोशेत टोकाला आकडी असलेली एकच सुई लागते आणि एका वेळी सुईवर कामाचा एकच फास उघडा असतो. दोन सुयांच्या विणकामात अख्ख्या ओळीचे फास सुईवर तोलून धरावे लागतात, इथे तसं नाही, म्हणून चुकलं तर उसवणं सोपं जातं आणि तळापासून वर, बाजूने किंवा गोल, हवी तशी दिशा बदलता येते. पिशवीसारख्या वस्तूला हे फार सोयीचं पडतं. आज आपण ज्याला क्रोशे म्हणतो ते युरोपात १९ व्या शतकात पसरलं, आयर्लंडमध्ये १८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळात क्रोशेच्या लेसने अनेक कुटुंबांना हातभार लावला. बाजारात मशीनवरचं क्रोशेसारखं दिसणारं कापड मिळतं, पण ते बहुतेक वेळा निटिंगच्याच (सुयांवरच्या विणकामाच्या) एखाद्या प्रकाराने केलेलं असतं. क्रोशेचा टाका मशीनला नीट जमलेला नाही, म्हणजे खऱ्या क्रोशेची पिशवी दिसली की ती कुणीतरी हाताने, एकेक टाका घालून केलेली आहे हे नक्की, आणि तिची किंमत करताना हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. टोटचं कूळ मात्र वेगळं आहे. अमेरिकेतल्या एल. एल. बीन कंपनीने १९४४ मध्ये बर्फाच्या लाद्या वाहून न्यायला जाड कॅनव्हासची पिशवी काढली होती, आजची दोन बंदांची टोट बरीचशी त्या वळणाची आहे, म्हणजे मुळातच ओझं वाहायची वस्तू.

आता विणीकडे येऊ. क्रोशेचे पायाचे टाके मोजकेच आहेत, साखळी, स्लिप स्टिच (जोडायला किंवा कडेला घालायचा, जवळजवळ उंची नसलेला टाका), मग चढत्या उंचीने सिंगल क्रोशे, हाफ डबल, आणि डबल म्हणजे खांब. टाका जितका उंच तितकी वीण मोकळी आणि ताणणारी, म्हणून नुसत्या खांबांची टोट पटकन होते पण भरली की लांबते आणि फटी उघडतात. सिंगल क्रोशेची वीण घट्ट आणि कमी ताणणारी, पण सगळी पिशवी तशी केली तर सपाट दिसते आणि वेळही खूप खाते. टेक्श्चरच्या विणी या दोघांच्या मधली जागा भरून काढतात. पॅटर्न वाचताना एक भानगड आधीच माहीत असलेली बरी, अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल म्हणतात त्याला ब्रिटिश पद्धतीत डबल म्हणतात आणि पुढची सगळी नावं तशीच एकेक पायरी सरकतात, त्यामुळे पॅटर्न कुठल्या पद्धतीचा आहे ते न बघता सुरू केलं तर वीणच वेगळी येते. इथे सगळीकडे अमेरिकन नावं वापरली आहेत.

पिशवीसाठी सगळ्यात भरवशाची वीण म्हणजे पोस्ट स्टिचची. नेहमी आपण सुई खालच्या टाक्याच्या डोक्यात घालतो, पोस्ट स्टिचमध्ये डोकं सोडून द्यायचं आणि सुई त्या टाक्याच्या अंगाभोवती घालायची. फ्रंट पोस्ट करताना दोरा सुईवर घेऊन सुई खांबाच्या उजवीकडून मागे न्यायची, डावीकडून पुन्हा पुढे काढायची, म्हणजे खांब सुईवर आडवा धरला जातो, मग नेहमीसारखा डबल पूर्ण करायचा. नवा खांब जुन्या खांबाच्या पुढे येऊन बसतो आणि समोरून उभी रेघ उठते. बॅक पोस्टमध्ये उलटं, सुई मागून पुढे आणि पुन्हा मागे, रेघ पलीकडे जाते. (डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलट धरायचं.) चार फ्रंट, चार बॅक असं घालून काही ओळींनी अदलाबदल केली की बास्केटवीव्ह होते. एका ओळीत एक फ्रंट पोस्ट आणि दोन साधे खांब, परतीच्या ओळीत तो एक साधा आणि ते दोन पोस्ट, असं चालवलं की चौकोनी खळग्यांची वॅफल स्टिच होते. पोस्टच्या विणीत दोऱ्याचे दोन थर एकमेकांवर बसतात म्हणून कापड जाड होतं, फटी झाकल्या जातात आणि पिशवी रिकामी असतानाही बऱ्यापैकी उभी राहते. किंमत म्हणजे दोरा खूप लागतो आणि वजन वाढतं.

बॉबल आणि पॉपकॉर्न हे गोळ्यांचे टाके सगळ्यांना आधी आवडतात. बॉबलमध्ये एकाच टाक्यात पाच खांब अर्धवट घालायचे, प्रत्येकाचा शेवटचा फास सुईवर ठेवायचा, सुईवर सहा फास झाले की दोरा घेऊन सगळ्यांतून एकदम ओढायचा. पुढचा सिंगल घट्ट घातला की गोळा फुगतो, पण तो फुगतो मागच्या बाजूला, आपल्याकडे नाही, म्हणून ओळीत पुढे-मागे विणताना बॉबल नेहमी उलट्या बाजूच्या ओळीत घालतात. गोल विणीत आपण सतत सुलट बाजूच बघत असतो, तिथे बॉबल पिशवीच्या आत जाऊन बसतात आणि एकेक बोटाने बाहेर ढकलावा लागतो, काही तरीही परत आत जातात. तिथे पॉपकॉर्न बरा. पाच खांब पूर्ण करायचे, सुई फासातून काढून घ्यायची, पहिल्या खांबाच्या डोक्यात पुढून घालायची, सुटलेला फास पकडून ओढायचा, गोळा आपल्याच बाजूला येतो. दोन्हींचा दोष एकच, उठलेला भाग घासला जातो. म्हणून गोळे पिशवीच्या वरच्या दोन तृतीयांश भागात ठेवावेत, तळाजवळ आणि अंगाला घासणाऱ्या बाजूला नकोत असं माझं ठाम मत आहे.

हलकी पण टेक्श्चर असलेली पिशवी हवी असेल तर मॉस स्टिच. एक सिंगल, एक साखळी, एक टाका सोडायचा, पुढच्या ओळीत सिंगल त्या साखळीखालच्या जागेत घालायचा. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी, दोरा कमी लागतो, मागूनपुढून सारखीच दिसते आणि मापात राहते. अल्पाइन, पफ, लेमन पील वगैरे अजून कितीतरी आहेत, तत्त्व तेच.

दोरा निवडताना सुती घ्यावा. सुताला लवचीकपणा कमी, त्यामुळे टाक्यांचा उठाव स्पष्ट दिसतो आणि वजनाने पिशवी लोकरीइतकी ओघळत नाही. अ‍ॅक्रिलिक स्वस्त आणि हलका असतो, पण ताणतो आणि घासून त्यावर तंतूंचे छोटे गोळे येतात. मर्सराइज्ड सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेली असते, इंग्लंडच्या जॉन मर्सरने तिचं पेटंट १८५० मध्ये घेतलं, त्याने सूत जास्त मजबूत होतं आणि रंग चांगला धरतं, पुढे सूत ताणून धरून ही प्रक्रिया करायला लागले तेव्हा त्याला आजची चमक आली. टेक्श्चरसाठी मात्र चमक थोडी आडवी येते, सावली नीट पडत नाही, म्हणून पोस्टच्या विणीला मॅट म्हणजे बिनचमकीचं सूत आणि फिका, एकरंगी दोरा जास्त खुलतो. गडद काळ्यात टाके दिसतही नाहीत आणि विणताना डोळ्यांना त्रास. रंग बदलत जाणारा दोरा घेतला तर रंग आणि उठाव दोघं भांडतात, शेवटी कुणीच दिसत नाही.

मध्यम जाडीच्या म्हणजे वर्स्टेड सुताला लेबलवर बहुधा ५ मिमीच्या आसपासची सुई सांगितलेली असते, पिशवीसाठी ४ किंवा ४.५ मिमी घ्यावी, वीण घट्ट येते. आणि नमुना विणायचाच, १० सेमी बाय १० सेमी. हा नमुना दोऱ्याचा हिशोबही देतो, तो काट्यावर ठेवायचा. समजा १२ ग्रॅम भरला, आणि पिशवीची एक बाजू ३५ बाय ३८ सेमी हवी आहे, म्हणजे १,३३० चौरस सेमी, नमुन्याच्या १३.३ पट, तर एका बाजूला साधारण १६० ग्रॅम आणि दोन बाजूंना ३२०. तळ आणि बंद धरून ४०० ग्रॅम आणून ठेवले की मधेच दोरा संपून वेगळ्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेला, आणायची वेळ येत नाही. लॉट बदलला की रंगात फरक पडतो आणि तो सपाट बाजूवर लगेच डोळ्यात भरतो.

पिशवी उभी करायच्या दोन मुख्य रीती. दोन सपाट तुकडे विणून तीन बाजूंनी जोडायचे, ही सोपी, केबल (एकमेकांवरून जाणाऱ्या वेणीसारख्या रेघा) किंवा बॉबलसारख्या पुढे-मागे वळणाऱ्या विणींना हीच योग्य. दुसरी म्हणजे लंबगोल तळ विणून तिथूनच गोल वर चढायचं, यात बाजूला शिवण नाही आणि तळाला जागा मिळते. उदाहरणार्थ ३१ साखळ्या घालायच्या, सुईपासून दुसऱ्या साखळीपासून २९ सिंगल, शेवटच्या साखळीत ३, मग साखळीच्या दुसऱ्या बाजूने परत येत २८, आणि जिथून निघालो त्या साखळीत अजून २, एकूण ६२ टाके. पुढच्या प्रत्येक फेरीत दोन्ही टोकांना तीन-तीन, म्हणजे सहा टाके वाढवायचे, वाढ टोकांनाच, सरळ बाजूंवर नाही. सातव्या फेरीला ९८ होतात. कमी वाढवले तर तळ वाटीसारखा वर वळतो, जास्त वाढवले तर कडा लाटा खाते, टेबलावर ठेवून दर फेरीला बघावं. आता वॅफलला तीनच्या पटीत टाके लागतात, तेव्हा शेवटच्या फेरीत एक जास्त वाढवून ९९ करायचे, चार-चारच्या बास्केटवीव्हला आठची पट लागते तर दोन वाढी गाळून ९६. तळ संपून भिंत सुरू होते त्या फेरीत टाक्याच्या डोक्यावरच्या दोन फासांपैकी फक्त मागच्या फासात सिंगल घातले की कडेला रेघ येते आणि पिशवी तिथे काटकोनात वळते.

गोल विणताना न वळता सरळ चढत गेलं तर टाके हळूहळू एका बाजूला सरकतात, सिंगलमध्ये ते जास्त जाणवतं, आणि उभ्या रेघांचं डिझाइन तिरकं दिसायला लागतं. प्रत्येक फेरी स्लिप स्टिचने बंद करून काम उलटं फिरवलं की हा तिरपेपणा जातो. पोस्टच्या रेघा असतील तर फिरवण्याचा त्रास जरूर घ्यावा, मात्र उलट्या बाजूच्या फेरीत बॅक पोस्ट घालायचे, म्हणजे समोरून ते फ्रंट पोस्टच दिसतात.

बहुतेक क्रोशे टोट बिघडतात त्या बंदांमुळे. खांद्याला अडकवायची पिशवी असेल तर बंदाच्या मध्यापासून पिशवीच्या काठापर्यंत २५ ते ३० सेमी अंतर हवं, म्हणजे एकूण लांबी ६० सेमीच्या पुढे, आणि एवढी लांब पट्टी भरल्या पिशवीने हमखास वाढते. म्हणून बंद सिंगल क्रोशेचाच, निदान ४ सेमी रुंद, दोन्ही कडांनी स्लिप स्टिचची ओळ ओढून घातलेली, आणि विणताना जरा आखूडच ठेवलेला. थर्मल स्टिचने, म्हणजे दोन थर एकत्र विणणाऱ्या विणीने, दुहेरी जाडीचा बंदही छान होतो. पिशवीच्या काठाला तो नुसता चिकटवल्यासारखा जोडू नये, टोक काठाखाली ५-६ सेमी उतरवून चौकोन आणि आत फुली अशी शिवण घालावी, म्हणजे ओझं एका ओळीवर न येता पसरतं. वरचा काठही टेक्श्चरचा नको, तीन-चार फेऱ्या सिंगलच्या, नाहीतर तोंड सैल पडतं.

अस्तर लावावं का यावर मतं वेगळी आहेत, पण रोज वापरायच्या पिशवीला मी नक्की लावायला सांगेन. घट्ट विणीचं सुती कापड घ्यावं, आधी एकदा धुवून घ्यावं, आणि शिवून तयार झालेलं अस्तर पिशवीच्या आतल्या मापापेक्षा सेंटीमीटरभर लहान असावं. मोठं झालं तर सगळं वजन विणीवर येतं, लहान असलं तर कापड ते वजन घेतं आणि वीण आपल्या आकारात राहते, उठावही टिकतो. आतला खिसा अस्तरालाच शिवायचा. तळाला प्लास्टिक कॅनव्हासचा (ताठ जाळीदार प्लास्टिकचा) तुकडा वीण आणि अस्तर या दोन्हींच्या मधे सरकवला की तळ सपाट राहतो.

सगळे टाके झाल्यावर दोऱ्याची सुटी टोकं बोथट सुईने दोन-तीन दिशांनी आत फिरवून लपवावीत, सूत गुळगुळीत असतं, एकाच दिशेने घातलेलं टोक निसटतं. मग पाण्याने ओलसर करून, मापात टाचून, सपाट सुकू द्यायचं. टेक्श्चरवर इस्त्री दाबायची नाही, उठाव बसतो, आणि अ‍ॅक्रिलिकवर गरम वाफ मारली तर तो कायमचा लुळा पडतो. अस्तर या सगळ्यानंतरच शिवायचं. वापरातली पिशवी थंड पाण्यात हाताने धुवावी, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढावं आणि आडवी वाळवावी. ओली असताना बंदांना धरून दोरीवर टांगली तर सुताने शोषलेल्या पाण्याच्या वजनानेच ती लांबते.