‘गोळी’ म्हणजे नेमकी कुठली? कोल्हापुरातल्या संयुक्त गर्भनिरोधकांची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात ‘तिचं फॅमिली प्लॅनिंग झालंय’ याचा अर्थ एकच: ऑपरेशन झालं. तांबी बसवलेल्या किंवा गोळ्या घेणाऱ्या बाईबद्दल हे वाक्य कुणी बोलत नाही. संयुक्त गोळ्या, म्हणजे दोन संप्रेरकांच्या रोज घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या, इथं मागं का राहिल्या, याची निम्मी गोष्ट या वाक्यातच सापडते.

मुंबईत १९२१ साली एका गणिताच्या प्राध्यापकानं संततिनियमन केंद्र काढलं, १९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम आला, १९६० मध्ये अमेरिकेत पहिल्या गोळीला मान्यता मिळाली. हा इतिहास बहुतेकांनी कुठं ना कुठं वाचलेला असतो. इथल्या घराघरांत गर्भनिरोधनाचं आजचं रूप ठरलं ते मात्र आणीबाणीनंतर. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलं झालेल्यांना नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते कायद्यात उतरलं नाही, पण त्या दोन वर्षांचा धसका पुरुषांनी असा घेतला की नसबंदीचा सगळा भार बायकांवर आला. मग टाक्याचं ऑपरेशन, पुढं दुर्बिणीचं. शिबिरं, उद्दिष्टं, मार्चअखेरची धावपळ. ऑपरेशनला आणलेल्या बाईला ‘केस’ म्हणायची पद्धत त्याच काळातली. १९९६ मध्ये उद्दिष्टं कागदावरून गेली, शब्द राहिला.

माला-डी ही संयुक्त गोळी १९८७ मध्ये बाजारात आली तेव्हा ही घडी बसलेली होती. ऑपरेशन एकदा मोजलं की काम झालं. गोळी दर महिन्याला पोचवावी लागते, रोज आठवावी लागते, आणि ती कुणी मध्येच सोडली हे यंत्रणेला कळतही नाही. यंत्रणेला जे मोजायला सोपं, तेच बाईच्या सोयीचं ठरवलं गेलं, असं मला स्पष्ट वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशात स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के होतं, गोळ्यांचं ५.१. महाराष्ट्रात नसबंदी निम्म्याजवळ जाते.

शिवाय गोळी हे दोन मुलांमधल्या अंतराचं साधन. इथला क्रम लग्न, मूल, मूल, ऑपरेशन असा, आणि दुसरं मूल मुलगा असेल तरच तो तिथं थांबणारा. २००१च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही आणि झाला की कायमचं थांबायचं, अशा हिशेबात अंतराला जागा कुठली?

आता शब्दांचा गुंता. ‘संयुक्त’ म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन संप्रेरकं एकत्र असलेलं साधन. गोळी त्यातली एक. पॅच आणि रिंगही याच कुळातले, पण सरकारी दवाखान्यात ते मिळत नाहीत. काही जण मात्र ‘संयुक्त’चा अर्थ दोन साधनं एकदम वापरणं, म्हणजे गोळी आणि निरोध, असा लावतात. तो वेगळा विषय, त्याला ‘दुहेरी’ म्हटलेलं बरं. पण खरा घोळ ‘गोळी’ या साध्या शब्दात आहे. मेडिकलच्या काउंटरवर हळू आवाजात ‘ती गोळी द्या’ म्हटलं तर किमान चार वस्तू निघतात. रोजची संयुक्त गोळी. बहात्तर तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी, जी २००५ पासून चिठ्ठीविना मिळते. गर्भपाताचं किट, ज्याला चिठ्ठी लागतेच. आणि चौथी, या शहरात सर्वांत सवयीची: पाळी पुढं ढकलायची. नवरात्रात अंबाबाईचं दर्शन, चैत्रात जोतिबाची यात्रा, घरी सत्यनारायण, नणंदेचं लग्न, प्रत्येक वेळी घरातलीच कुणीतरी ती आणून देते. तिच्यात एकच संप्रेरक असतं आणि गर्भनिरोधक म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. तिनं पोट फुगलं, मळमळ झाली, पुढची पाळी जास्त गेली, तर बदनामी होते ती सगळ्याच गोळ्यांची. ‘मला गोळ्या सोसत नाहीत’ म्हणणाऱ्या कितीजणींनी माला-डीचं पाकीट फोडलेलंही नसतं.

त्यात किटचं प्रकरण. लिंगनिवडीविरुद्धच्या मोहिमेत २०१२ नंतर राज्यात या किटच्या विक्रीवर कडक नजर आली आणि बऱ्याच दुकानदारांनी ते ठेवणंच सोडलं. मुली वाचवण्याचा हेतू कुणी नाकारणार नाही. पण सुरुवातीच्या आठवड्यांत, लिंग कळायच्याही आधी वापरायच्या औषधावर ही नजर का, याचं उत्तर मला पटेल असं कुणी दिलेलं नाही. परिणाम एवढाच झाला की गोळी मागणाऱ्या बाईकडं आधीच रोखलेल्या नजरेत संशयाची भर पडली.

भीतीचंही मूळ जुनं आहे. पहिल्या गोळीत इस्ट्रोजेनचं प्रमाण १५० मायक्रोग्रॅम होतं, माला-डीत ३० आहे. रक्तात गुठळी होण्याचा धोका त्या मोठ्या मात्रेनं गाजला. तो आजही शून्य नाही, पण गरोदरपण आणि बाळंतपणातल्या धोक्याहून कमी आहे. रक्तदाब वाढलेला असेल, डोळ्यांपुढं चमकून अर्धशिशी उठत असेल, पस्तिशीनंतर सिगारेट-विडी चालू असेल, तर ही गोळी घ्यायची नाही. वजनाची तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते आणि तिलाच सगळ्यांत कमी पुरावा आहे.

बाळंतपणाला माहेरी जायची रीतही या हिशेबात धरावी लागते. अंगावर पाजणाऱ्या आईनं पहिले सहा महिने संयुक्त गोळी टाळायची असते. हे महिने ती माहेरी, तिथल्या आशाताईंच्या वहीत. सासरी परतल्यावर इथल्या आशाताईंना तिची गाठ पडेपर्यंत कधी कधी दिवस गेलेले असतात. २०१६-१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलेलं ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी याच फटीत बसतात, कारण दोन्हींत इस्ट्रोजेन नाही. म्हणजे पाचवी ‘गोळी’, आणि तीही पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची.

अलीकडं संयुक्त गोळी वेगळ्याच दारानं घरात शिरली आहे. पीसीओएस (संप्रेरकांच्या असमतोलातून होणारा अंडाशयाचा विकार), मुरमं, अनियमित पाळी यांसाठी डॉक्टर ती कॉलेजच्या मुलींना लिहून देतात. आई स्वतः आणून देते, ‘हार्मोनच्या गोळ्या’ म्हणून. त्याच मुलीला लग्नानंतर तीच गोळी मूल लांबवण्यासाठी सुचवली की सासू विचारते, आत्ताच कशाला? आधी एक होऊ दे.

या खाजगी पाकिटांत बहुधा २१ गोळ्या असतात आणि मग सात दिवस खाडा. माला-डीत २८: एकवीस पांढऱ्या, सात गडद रंगाच्या लोहाच्या. एकीवरून दुसरीवर जाताना हा फरक कुणी सांगितला नाही, तर २८ गोळ्या संपल्यावरही सात दिवस खाडा धरला जातो. लोहाचे सात, खाड्याचे सात, असे चौदा दिवस बाई संप्रेरकाविना राहते आणि दिवस गेले की म्हणते, गोळ्या घेऊनसुद्धा राहिलं.