बबल कार अशा ध्यान का दिसायच्या?

जुन्या गाड्यांचे फोटो बघताना मध्येच एखादी अंड्यासारखी गाडी येते, दार पुढून उघडणारी, आणि कोणीतरी म्हणतंच की बनवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं ना? होतं हो, चणचण होती ती पैशाची.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी-इटलीत कार घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं, स्कूटर-मोटरसायकल परवडायची पण पावसात भिजायचं. त्यातून बबल कार ही मधलीच जात निघाली. इटलीतल्या इसो कंपनीने १९५३ मध्ये इसेटा आणली. ही कंपनी आधी फ्रीज बनवायची, आणि गाडीचं दार बघितलं की ते लगेच पटतं! अख्खं नाक उघडायचं, स्टिअरिंगही दारासोबत बाजूला सरकायचं. आणि पुढून कोणी ठोकलं, दार अडकलं तर? वरचं कापडी छप्पर उघडून बाहेर, सोयच तशी. बीएमडब्ल्यूने हक्क घेऊन १९५५ पासून तीच गाडी आपलं मोटरसायकलचं २४७ सीसी इंजिन टाकून काढली, मग काय, जर्मनीत मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता यायची, आणि १९६२ पर्यंत दीड लाखाच्या वर खपली.

पण माझी आवडती मेसरश्मिट. जर्मनीतली विमानांची कंपनी, युद्धानंतर विमानं बनवायला बंदी, कारखाना रिकामा. फ्रिट्झ फेंड नावाचा इंजिनिअर अपंगांसाठी तीनचाकी गाड्या बनवायचा, त्याची कल्पना यांनी उचलली आणि १९५३ ला केआर१७५, १९५५ ला केआर२०० आली. माणसं एकामागे एक बसणार, डोक्यावर पारदर्शक घुमट, अगदी विमानासारखा. केआर२०० ला रिव्हर्स गिअरच नाही, इंजिन बंद करायचं, चावी अजून आत दाबून परत स्टार्ट मारायचा की इंजिन उलटं फिरायला लागतं. टू स्ट्रोक इंजिनाला दोन्हीकडे फिरायचं वावडं नसतं. म्हणजे मागे जायलाही चार गिअर, वापरायची हिंमत कोणाला होती देव जाणे.

१९५६ ला तेलाची जहाजं ज्यातून यायची तो सुएझ कालवा बंद झाला, युरोपात पेट्रोलचे वांधे झाले आणि या गाड्यांना सुगीचे दिवस आले. ब्रिटनमध्ये तर नियमच असा की तीन चाकं आणि रिव्हर्स नाही तर मोटरसायकलचं लायसन्स पुरे, म्हणून तिथे इसेटाचंही एक चाक कमी केलं आणि रिव्हर्स काढला. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर १९६२ मध्ये आलेली पील पी५० तर जेमतेम १३७ सेंमी लांब, मागे वळवायची तर उतरून मागचं हँडल धरायचं आणि उचलून फिरवायची.

पण तोवर खेळ संपत आला होता. बीएमसी या ब्रिटिश कार कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना या बबल कार बघवत नव्हत्या, त्यांनी धड चार माणसांची छोटी गाडी करायला लावली, तीच १९५९ ची मिनी. इसेटावाल्या बीएमडब्ल्यूकडेच १९९४ मध्ये रोव्हर या ब्रिटिश कंपनीसोबत ही मिनीही आली.